तिरप्या पाइपाची परीक्षा

रिसोडात देवानंदला सगळे गेटवाला म्हणतात, आणि कोणी तसं म्हटलं की त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होतं. मी मुद्दाम म्हणायचो. आमची आवडाबाई म्हणते की माणसाला डिवचल्याशिवाय मला अन्न पचत नाही, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं हे एक निदान तरी बरोबर आहे. गावाबाहेर वाशीम रोडला माझा भाजीपाल्याचा मळा. मळ्याच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यावर देवानंदचं टिनाचं वेल्डिंगचं दुकान. मी वांग्यांना पाणी सोडून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो की समोर हाच.

"काय गेटवाले, च्या घेता का?"

"पाइप वेल्डर म्हना, उत्तमभाऊ. गेट तं कोनीबी बनवते."

"पाइप कुठं दिसून नाही राह्यला मले. गेटच दिसून राह्यलं."

यावर तो काळी काच डोळ्यांपुढे ओढायचा आणि ठिणग्या उडवायला लागायचा. म्हणजे बोलणं संपलं.

पाइप वेल्डर म्हणजे काय असतं, हे मला माझ्याच विहिरीने शिकवलं. विहिरीपासून वरच्या वावरात जाणारा माझा लोखंडी पाइप जोडावर फुटायचा. गावातल्या दोघांनी त्यावर वरून माल थापून दिला होता, भिंतीला शेणाची गोवरी थापावी तसा. मोटर सुरू केली की आठ दिवसांत पुन्हा कारंजं. शेवटी देवानंदला म्हटलं, बघ बाबा. त्याने जोड सरळ कापूनच टाकला. मग दोन्ही तोंडं ग्राइंडरने तिरपी घासली आणि समोरासमोर अशी धरली की मधे चारी बाजूंनी नाली तयार झाली. शिवाय त्या नालीच्या तळाशी फट ठेवली. माझं डोकं फिरलं.

"अबे, फट कायले ठेवून राह्यला? पानी सारं वाहून जाईन नं!"

"फट नसली तं माल वरच्यावर बसते, उत्तमभाऊ. आंदर भिडतच नाही. पह्यला थर आतून दिसला पाह्यजे. त्याले रूट म्हनतात. रूट कच्चा असला तं वरून कितीबी भरा, तो एक दिवस फुटतेच."

पहिला थर त्याने त्या फटीतून असा ओढला की पाइपात डोळा घालून पाहिलं तर आत बारीक गोल वळ उठलेला. मग प्रत्येक थरावरची राखेसारखी खपली ठोकून काढायची, ब्रश मारायचा, पुढचा थर भरायचा. सगळ्यात वरचा थर ज्वारीच्या कणसावर दाणे बसावेत तसा बसला. त्या दिवसापासून तो जोड गळाला नाही. आणि त्या दिवसापासून मी त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागलो, हेही खरं.

एकदा बोलता केला की देवानंद थांबत नसे. पाइप जोडायच्या तऱ्हा तो अशा सांगायचा की जसे त्याचे चुलतभाऊच. पातळ पाइप असेल तर गॅसच्या ज्योतीवर जोडतात, काम हळू पण निगुतीचं. रॉडचं वेल्डिंग कुठेही चालतं, वावरात, डोंगरात, नालीत उतरून. आरगॉनचं सगळ्यात साफ, मात्र त्याला वारा सोसत नाही, नव्या बाळंतिणीसारखं आडोशाला ठेवावं लागतं. आणि तारेची गुंडळी लावून चालवायचं ते सीओटूचं मशीन, ज्याला घाई आहे त्याच्यासाठी. "रॉड माहा," असं तो म्हणायचा. "रॉडमधे मानसाचा हात दिसते."

तो किन्हीराजाकडच्या तांड्यावरचा. बाप देवला दर हंगामाला बायकापोरं घेऊन रस्त्याच्या नाहीतर पाटाच्या कामावर जायचा. एका वर्षी ही माणसं गुजरातेत तेलाच्या पाइपलाइनवर गेली, आणि नाल्या खोदता खोदता देवानंद वेल्डरांच्या मागे ग्राइंडर धरून उभा राहायला लागला. गोविंदसिंग नावाच्या म्हाताऱ्या वेल्डरने त्याला हाताशी घेतलं. भंगारातल्या तुकड्यांवर गिरवून घेतलं, चुकला की रॉडच्या थोटकाने बोटांवर मारलं, आणि वेल्डर केला. पुढे देवानंदला स्वतःचा नंबर मिळाला. पाइपलाइनवर प्रत्येक वेल्डरचा नंबर असतो. जोड झाला की शेजारी तो नंबर टाकायचा, मग जोडाचा एक्स-रे निघतो. हे लोक त्याला फोटो म्हणतात. फोटोत दोष दिसला की नंबर पाहून वेल्डरला बोलावतात आणि सगळ्यांसमोर जोड कापतात. "माहा कापला नाही कोनी," एवढंच तो सांगायचा. हे सांगताना त्याची मान जराशी वर व्हायची आणि मला त्या वेळी गेटवाला म्हणवत नसे.

मग बाप गेला. आई धुरपताबाई तांडा सोडून यायला तयार होईना. एकुलत्या एका पोराने काय करावं? तो परत आला, माझ्या कोपऱ्यावर टिनं उभी केली, आणि पाइपांचा माणूस गेटं, ग्रील, ट्रॉलीचे हुक करायला लागला. पहिली काही वर्षं बरी गेली. पुढे गेटं तयार मिळायला लागली. हातात धरण्याएवढी मशीनं निघाली, तेव्हा ज्याच्या घरी ट्रॅक्टर त्याच्या घरी मशीन. गावोगाव नळाच्या योजना आल्या तेव्हा देवानंद मोठ्या आशेने बघायला गेला होता. पाइप प्लास्टिकचे होते. दोन्ही तोंडं तापल्या तव्याला लावायची आणि एकमेकांना दाबायची, झालं. संध्याकाळी येऊन तो म्हणाला, "मेनबत्त्या जोडून राह्यले, उत्तमभाऊ." मी हसलो. तो हसला नाही.

दुकानाने पोट भरेना तेव्हा त्याची बायको रंजीता भावासोबत, बाबूसिंगसोबत, पुण्याला बांधकामावर गेली. एका हंगामापुरती म्हणून गेली ती तिथेच राहिली. मुलगी सुप्रिया वाशीमला वसतिगृहात, म्हातारी तांड्यावर, हा रिसोडात टिनाखाली. चार माणसांचं घर आणि चौघं चार गावी. होळीला तेवढी एकत्र यायची, आणि होळीनंतर देवानंद पंधरवडाभर कोणाशी धड बोलायचा नाही.

अशात त्याच्या जुन्या सोबत्याने फोन करून सांगितलं की नागपूरकडच्या एका कारखान्यात पाइप वेल्डर घेत आहेत. काम कायमचं, वर राहायला क्वार्टर. परीक्षा पास व्हायची, बस्स. अट एकच होती, वय पंचेचाळीसच्या आत. देवानंदचं पंचेचाळिसावं सरत आलं होतं. हे वर्ष गेलं की दार बंद. त्याने त्याच दिवशी रंजीताला फोन लावला. त्या फोनचा कानाचा भाग कधीच बिघडलेला, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर, सगळं बोलणं चव्हाट्यावर. ती दोघं आपसात गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, बोलतात, इतक्या वर्षांत ती मला कळायला लागली आहे, म्हणून आपल्या बोलीत सांगतो.

"क्वार्टरमधे आईले नेता येईन का?" तिने विचारलं.

"आईले, सुप्रियाले, साऱ्याइले."

"मंग पास व्हा," ती म्हणाली. "मले इथं आता होत नाही."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. देवानंद फोनकडे पाहत राहिला. मी उठून वांग्यांकडे निघून गेलो.

परीक्षा होती तिरप्या पाइपाची. ही सगळ्यात अवघड. वीतभर रुंद तोंडाचा पाइप खांबाला अर्धवट कलता बांधून टाकतात. पाइप फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. वरचा भाग सोपा. बाजूला आलं की वितळलेला माल ओघळायला बघतो, आणि खालून करताना तो थेट तोंडावर येतो. म्हशीच्या पोटाखाली शिरून धार काढावी आणि म्हैस उतारावर उभी असावी, तसं ते काम. देवानंदने दुकानात लोखंडी खांब गाडला, कुठून कुठून पाइपाचे तुकडे आणले आणि गिरवायला बसला. आमच्याकडे लाइटीचं काही खरं नाही. आली की हा माणूस जेवणाचा घास टाकून धावायचा. पहिले जोड पाहून तो स्वतःच मान हलवायचा. डोळे लाल व्हायचे, आवडाबाई बटाट्याचे काप करून द्यायची, ते पापण्यांवर ठेवून तो टिनाखाली पडायचा. हळूहळू हात बसला. एक दिवस त्याने मला तुकडा आणून दाखवला. मी तो उलटसुलट फिरवून पाहिला. जोड पाहूनच कळत होतं.

नागपूरला मी सोबत गेलो. एकट्याला पाठवला असता तर हा भित्रा कारंजालाच उतरून परत आला असता. कारखान्याच्या शेडमध्ये जाळीच्या अलीकडे मला बसू दिलं. परीक्षक रविकांत नावाचा तरुण माणूस होता, शांत, कामाचा. गरम पेटीतून एकेक रॉड काढून द्यायचा, कारण दमट रॉड चालत नाही. देवानंदने पहिला थर ओढला. रविकांतने बॅटरीने पाइपात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "छान. खूप दिवसांनी असा रूट पाहिला." मी जाळीला नाक लावून बसलो होतो. मनातल्या मनात मी क्वार्टरच्या खिडकीला पडदेसुद्धा लावून टाकले.

देवानंद थरावर थर भरत गेला. खालून करताना एक ठिणगी त्याच्या बाहीत शिरली, मला जाळ दिसला, पण त्याचा हात हलला नाही. शेवटचा थर संपला. त्याने काच वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. असा हसताना मी त्याला आधी पाहिलेला नव्हता. मग तो मागे वळला, बाजूच्या पिंपातून मगभर पाणी घेतलं आणि लालबुंद जोडावर ओतलं.

चर्र झालं. वाफ छताकडे गेली. शेडमधली सगळी डोकी वळली.

पाणी टाकायचं नसतं, हे देवानंदला माहीत नव्हतं असं नाही. पाइपाच्या कामातली ती बाराखडी आहे. गरम जोड एकदम थंड केला की लोखंड कडक होतं, आतून तडकू शकतं. त्याला आपल्या आपण निवू द्यायचं. पण रिसोडात गिऱ्हाइकाला कुठे दम असतो? ट्रॅक्टर रस्त्यावर चालू ठेवून माणूस डोक्यावर उभा. "झालं का, झालं का?" हुक जोडला की मारा पाणी आणि द्या हातात. इतकी वर्षं तेच केलं. सरावालाही तेच, कारण लाइट जायच्या आत दुसरा तुकडा खांबाला लावायचा असे. तो हात आता देवानंदला विचारत नव्हता.

रिकामा मग हातात धरून तो तसाच उभा राहिला. रविकांत धावत आला.

"अहो, हे काय केलंत? हे चालत नाही, माहीत नाही का तुम्हाला?"

"माहीत हाय, साहेब."

"मग?"

देवानंदने हातातला मग पिंपावर ठेवला. मी बोललो. जाळीतून ओरडलोच. "अहो साहेब, फोटो तं काढून पाहा! आंदर चांगला असन तं?"

रविकांतने चिडून उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तो जवळ आला आणि म्हणाला, "काका, फोटो चांगला आला तरी मला घेता येणार नाही. आत वाफेच्या लाइनी आहेत, खाली माणसं काम करतात. तिथे यांचा हात असाच गेला तर?" तो बरोबर होता. मला त्याचा राग येत होता आणि राग धरायला जागा नव्हती. त्याने खडूने तुकड्यावर फुली मारली आणि पुढच्या वर्षी या म्हणाला.

"पुढच्या वर्षी माहं वय बसत नाही," देवानंद म्हणाला. मग त्याने हात जोडले. "साहेब, हा तुकडा नेऊ का मी?"

"भंगारातच जाणार आहे. न्या."

सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात तो तुकडा मांडीवर घेऊन देवानंद एस.टी.त बसला. मी अवांतर बोलून पाहिलं, मिरचीचा भाव, ड्रायव्हरचं चालवणं. कारंजा मागे पडल्यावर तो एकदाच म्हणाला, "मले समजलंच नाही, उत्तमभाऊ. चर्र झालं तवा समजलं."

पुढचे दिवस दुकान बंद होतं. तो आत टिनाखाली पडून राहायचा. फोन वाजायचा आणि वाजून बंद व्हायचा. कोणाचा ते मला माहीत होतं. आवडाबाईने पाठवलेली भाकर कुत्र्याने खाल्ली. मग एका सकाळी मी मेथी उपटत होतो आणि ग्राइंडरचा आवाज आला. जाऊन पाहतो तर देवानंद तो परीक्षेतला तुकडा कापत होता.

"काय करून राह्यला बे?"

"पाहून राह्यलो, आंदर काय हाय ते."

फोटो काढायला आपल्याकडे कुठलं मशीन? पण दुसरी एक रीत असते. जोडासकट पाइपाच्या उभ्या पट्ट्या कापायच्या, घासून सपाट करायच्या आणि जोड मधोमध धरून पट्टी वाकवायची, घोड्याच्या नालाच्या आकाराला येईपर्यंत. जोडात कुठे दोष असला की तिथे फट पडते. लोखंडाला खोटं बोलता येत नाही, असं गोविंदसिंग म्हणायचा म्हणे. देवानंदने चार पट्ट्या काढल्या. ट्रॉलीचा जॅक लावला आणि दांडा दाबायला लागला.

पहिली पट्टी वाकली. वळणावर जोड ताणला गेला, चकाकला. त्याने भिंग लावून पाहिलं, मी नख फिरवून पाहिलं. केसाएवढी रेघ नाही. दुसरी, तशीच. तिसरी उलट बाजूने वाकवली, रूट वर ठेवून. तीही तशीच.

"अबे लेका, पास झाला तू!" मी ओरडलो. खरंच ओरडलो, मूर्खासारखा.

"कोनं केलं पास?" तो म्हणाला.

चौथी पट्टी त्याने जॅकखाली ठेवली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय मागतो आहे. मी मागत होतो की ही तरी फुटू दे. थोडीशी चीर पडू दे. म्हणजे जोड कच्चा होता, हात गेला होता, जे झालं ते होणारच होतं, असं म्हणून दोघांनाही भाकर खाता येईल. देवानंद दांडा दाबत होता, मानेच्या शिरा ताठ झालेल्या. पट्टी वाकत गेली, वाकत गेली आणि नालासारखी झाली. फुटली नाही.

तो खाली बसला. मी पट्टी उचलून पाहिली. तेवढ्यात फोन वाजला. या वेळी त्याने उचलला.

"काय झालं? फोन काहून उचलत नाही?" रंजीताचा आवाज. मागे कुठलंसं मशीन गरगरत होतं.

"जोड फुटला," देवानंद म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. वाकलेली पट्टी अजून माझ्या हातात होती.

"कोनता जोड?"

"परीक्षेतला. आंदरून कच्चा निघाला. माहा हात आता पह्यलेसारका राह्यला नाही."

मशीन गरगरतच होतं.

"दुसऱ्यांदा देता येत नाही का?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "मंग इकडंच या. स्लॅबवर मानूस पाह्यजे म्हनून राह्यला मुकादम. नवरा-बायको असले तं पत्र्याची खोली देतात. या तुमी."

"येतो," देवानंद म्हणाला आणि फोन ठेवला.

माझा तोल सुटला. "खोटं काहून सांगतलं तिले? चारी पट्ट्या चांगल्या निंघाल्या, मी सोता पाह्यल्या! तिले तं सांग तुहा हात गेला नाही म्हनून!"

"खरं सांगतलं तं ती जिंदगीभर त्या मगभर पान्याले रडन, उत्तमभाऊ," तो म्हणाला. "हात गेला म्हटलं तं एकडाव रडन."

मग उठून त्याने माझ्या हातातली पट्टी घेतली, बाकीच्या तिन्हींसोबत भंगाराच्या ढिगावर टाकली, आणि मशीन झाकून बांधायला माझ्याकडे दोर मागितला. दोर आणायला मी मळ्यात गेलो, आणि मोटरच्या खोलीत बराच वेळ नुसताच बसून राहिलो.